वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांची विक्री: खिशातून नेमके किती जातात?

वाचनालयाच्या दारात टेबले मांडली आहेत, पुठ्ठ्यावर ‘कोणतेही पुस्तक ३० रुपये’ असे लिहिले आहे आणि तुमच्या खिशात पाचशेची नोट आहे. तासाभराने तुम्ही दोन जड पिशव्या घेऊन रिक्षा शोधता. घरी गेल्यावर कळते की एका कादंबरीची मधली सोळा पाने नाहीत, मुलीसाठी घेतलेले पुस्तक गेल्या वर्षीच बदलले आहे आणि एका पुस्तकाला कसर लागली आहे. तीस रुपयांचे पुस्तक तीस रुपयांत पडलेच नाही.

हे टाळता येते. छत्रपती संभाजीनगरात जुनी पुस्तके कुठे बघायची, किती द्यायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते इथे सांगतो. वाचनालयाने बाद केलेली पुस्तके, वाचकांनी आणून दिलेली पुस्तके, जुने दिवाळी अंक आणि पदपथावरचा माल, सगळ्यांना एकच नियम लागू आहे. जुने पुस्तक सहसा परत घेतले जात नाही. जे तपासायचे ते पैसे देण्याआधी.

कुठे, केव्हा

अशा विक्रीची मोठी जाहिरात होत नाही. तारीख वाचनालयाच्या फळ्यावर लागते, फार तर वर्तमानपत्राच्या शहर पानावर चार ओळी येतात. म्हणून आपणच विचारायचे. औरंगपुऱ्यातले बळवंत वाचनालय, जीवन विकास ग्रंथालय, सन्मित्र कॉलनीतली मराठवाडा साहित्य परिषद, तुमच्या सिडको-हडकोतले दोन खोल्यांचे वाचनालय, जिथे जाणे होते तिथे ग्रंथपालांना एवढेच विचारा: “बाद केलेली पुस्तके विकायला काढणार आहात का, आणि केव्हा?” फोन नंबर देऊन ठेवा. सभासद असाल तर आधी कळण्याची शक्यता जास्त.

विचारायला योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चअखेर हिशोब असतो, पुस्तकांची मोजदाद असते, कपाटे हलवली जातात. दिवाळी अंकही तोपर्यंत सभासदांत फिरून झालेले असतात. ते मग गठ्ठ्याने निघतात, आणि माझ्या मते जुन्या पुस्तकांच्या विक्रीतला सगळ्यात चांगला सौदा तोच. कथा, लेख, व्यंगचित्रे यांचे वय होत नाही. फक्त राशिभविष्याची पाने वाया जातात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ही आणखी तीन निमित्ते. या दिवसांच्या आसपास फळा बघा.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव ही वेगळी गोष्ट. तो ग्रंथालय संचालनालयाचा उपक्रम आहे आणि तिथे नवी पुस्तके सवलतीत मिळतात. जुन्याच्या शोधात तिथे गेलात तर हात हलवत परत याल. १४ जानेवारीचेही तसेच. नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ पुस्तकांचे स्टॉल लागतात. आंबेडकरी आणि बौद्ध साहित्य, चरित्रे, छोट्या पुस्तिका एका ठिकाणी बघायच्या तर शहरात यासारखा दुसरा दिवस नाही, पण माल बहुतेक नवा असतो. गर्दी मोठी आणि रस्ते वळवलेले असतात, म्हणून गाडी लांब लावून चालत जा, सकाळी लवकर जा आणि सुट्टे पैसे ठेवा.

एरवी वर्षभर औरंगपुरा आहेच. शाळा-महाविद्यालयांची पुस्तके तिथे, जूनमध्ये झुंबडही तिथेच. रविवारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात जुन्या सामानात कधी पुस्तकांचा ढीग सापडतो, कधी काहीच नाही. खास पुस्तकांसाठी तिथवर जाऊ नका, बाजारात गेलाच असाल तर नजर टाका.

दिवसाची वेळ कोणती? विशिष्ट पुस्तक हवे असेल तर उघडल्या उघडल्या जा, कारण जुने विकणारे दुकानदारही त्याच वेळी येतात आणि चांगला माल दहा मिनिटांत उचलतात. नुसते वाचायला काहीतरी हवे असेल तर शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात जा. उरलेले परत कपाटात ठेवायचे नसते, त्यामुळे भाव खाली येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथल्या सार्वजनिक वाचनालयांची अशी विक्री ओळखीची आहे. तिथे शेवटच्या दिवशी पिशवीचा एकच दर लावतात आणि मावतील तेवढी पुस्तके घेऊ देतात. आपल्याकडे असे लिहिलेले नसले तरी विचारायला हरकत नाही: “या पिशवीभर पुस्तकांचे किती घ्याल?”

कागदपत्रे

स्वतःसाठी घेत असाल तर एकही लागत नाही. ओळखपत्र, फोटो, आधारची प्रत कुणी मागितली तर देऊ नका. विकत घेणाऱ्याकडून आधार घेण्याचे काही कारण नाही. शाळेसाठी किंवा गणेश मंडळाच्या वाचनालयासाठी घेत असाल तर संस्थेच्या नावाने बिल मागा आणि त्यावर पुस्तकांची संख्या लिहून घ्या. ‘जुनी पुस्तके, एकूण २,००० रुपये’ एवढ्यावर कोणताही हिशोबनीस अडतो.

सभासद होऊन वाचायचे असेल तर मात्र पत्त्याचा पुरावा, फोटो आणि कधी एखाद्या जुन्या सभासदाची शिफारस लागते. तिथे तीन आकडे वेगवेगळे विचारा: अनामत किती, मासिक वर्गणी किती, उशिराचा दंड किती. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण चार वर्षांनी ती कागदाची चिठ्ठी तुम्हाला सापडणार नाही.

भाव लावण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत सरसकट दराची. प्रत्येक पुस्तक एकाच किमतीला. इथे जाड, कापडी बांधणीची, संदर्भाची पुस्तके आधी बघा. पातळ पुस्तिका त्याच दरात घेणे तोट्याचे.

दुसरी, छापील किमतीच्या टक्क्यांत. यात एक बारकावा आहे. १९८५ साली छापलेल्या पुस्तकावर २५ रुपये किंमत असेल तर त्याचे निम्मे साडेबारा होतात, आणि काही ठिकाणी तसे देतातही. पण २०२२ च्या पुस्तकावर ४५० असतील तर निम्मे २२५. तेच पुस्तक नवे घेतले तर प्रकाशकाच्या सवलतीत किती पडते, हे मोबाईलवर बघा. नवे ३४० ला मिळत असेल तर जुन्यासाठी २२५ देऊ नका. माझा स्वतःचा नियम असा की, सहज मिळणाऱ्या पुस्तकाला नव्याच्या प्रत्यक्ष विक्री किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त द्यायचे नाहीत. छापील किमतीशी तुलना करायचीच नाही.

तिसरी, किलोवर. दोनशे पानांचे साध्या बांधणीचे पुस्तक साधारण सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम भरते. पुठ्ठा बांधणीचे पाचशे पानांचे पुस्तक पाऊण किलोवर जाते. समजा दर किलोला २०० रुपये आहे. मग पातळ कादंबरी ५० रुपयांना पडली आणि जाड ग्रंथ दीडशेच्या वर. म्हणजे किलोच्या विक्रीत कवितासंग्रह, नाटके, एकांकिका, छोट्या कादंबऱ्या स्वस्त पडतात. गुळगुळीत चित्रांच्या कागदाची पुस्तके दिसतात त्याहून कितीतरी जड असतात, मुलांची चित्रपुस्तकेही. ती हातात तोलून बघा. काट्यावर ठेवताना आकडा शून्यावर आहे ना ते पाहा आणि पुस्तके खोक्यासकट तोलू देऊ नका.

चौथी, खोक्यावर. खोक्याची किंमत द्यायची आणि मावेल तेवढे भरायचे. सभागृहे भाड्याने घेऊन गावोगावी अशा विक्री होतात. बहुतेक माल इंग्रजी असतो. खोके निम्मे भरल्यावर खरी गंमत संपते आणि माणूस ‘पैसे वसूल’ म्हणून काहीही कोंबतो. तिथेच थांबा. हिशोब सोपा आहे. खोक्याची किंमत भागिले तुम्ही खरोखर वाचणार असलेली पुस्तके. १,२०० रुपयांच्या खोक्यात वीस पुस्तके बसली आणि त्यातली आठच वाचायची असतील तर एक पुस्तक दीडशेला पडले. झाकण बंद झाले पाहिजे अशी अट असते, तेव्हा छोट्या आकाराची पुस्तके खाली आडवी आणि बाजूला उभी लावा. दोघांनी मिळून एक खोके घेतले तर चालते का, हे आधी विचारा.

न सांगितलेले पैसे

पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. जुन्यावर नाही, नव्यावरही नाही. बिलात ‘कर’ म्हणून काही लावले असेल तर ते काढायला सांगा.

यूपीआयने पैसे दिले म्हणून दोन टक्के जादा मागितले, तर देऊ नका. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही, मग तुमच्याकडून घ्यायचे कशाचे? क्रेडिट कार्डावर जादा आकार मागतात. छोट्या खरेदीला ते कार्ड काढूच नका. विक्रीच्या जागी नेटवर्क नसते असेही होते, म्हणून दोनशे-तीनशे रुपये दहा-वीसच्या नोटांत ठेवा. सुट्टे नाहीत म्हणून ‘आणखी एक पुस्तक घ्या’ असे होते आणि ते पुस्तक नेहमी नको असलेलेच निघते.

पिशवी घरून न्या, कापडी आणि जाड शिवणीची. राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे मिळाली तर कापडी किंवा कागदी, आणि तिचे पैसे पडतात. मोठ्या दालनांनी आधी न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे चुकीचे आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. वाचनालयाच्या दहा रुपयांसाठी कुणी भांडू नये, पण दालनात मात्र विचारा.

सगळ्यात मोठा छुपा खर्च वाहतुकीचा. पंचवीस पुस्तके म्हणजे सहा-सात किलो. जाताना शहर बसने जाल, येताना रिक्षा कराल. हा खर्च पुस्तकांच्या संख्येने भागा. पाचच पुस्तकांसाठी वाळूजहून शहरात आलात तर प्रत्येक पुस्तकावर प्रवासाचेच वीस-पंचवीस रुपये चढतात. शहरात दुसरे काम असेल त्याच दिवशी या.

आणि बांधणी. पाठ निघालेले पुस्तक दहा रुपयांना मिळाले तरी बांधून घ्यायला त्याच्या कितीतरी पट पडते. बांधणीवाल्याचा दर आधी माहीत असेल तरच असे पुस्तक उचला, तेही पुन्हा न मिळणारे असेल तर.

दोन मिनिटांची तपासणी

आधी शीर्षकपान. वाचनालयाचा गोल शिक्का तिथे असतो, शिवाय बरीच वाचनालये आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात. दाखल क्रमांक लिहिलेला असतो. आता त्यावर ‘बाद’ किंवा ‘रद्द’ असा शिक्का, सही आणि तारीख आहे का ते बघा. शासनमान्य वाचनालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेतात. त्यांची पुस्तके मनाला येईल तशी विकता येत नाहीत, ती नोंदवहीतून रीतसर कमी करावी लागतात. थेट वाचनालयातून घेत असाल तर सांगितल्यावर लगेच शिक्का मारून देतात. पदपथावर मात्र वाचनालयाच्या शिक्क्याचे आणि ‘बाद’ नसलेले पुस्तक दिसले तर थांबा. ते कुणीतरी न परतवलेले किंवा चोरलेले असू शकते. मी असे पुस्तक घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. शिक्क्यावरचे नाव वाचून त्या वाचनालयाला कळवलेत तर एखाद्या ग्रंथपालाची जुनी रुखरुख संपेल.

मग पाने. पुस्तक फर्म्यांत छापले जाते. एक फर्मा बहुधा सोळा पानांचा. पान हरवते तसा आख्खा फर्मा गळतो, किंवा एक दोनदा लागतो, किंवा उलटा. सगळी पाने मोजायची गरज नाही. पान १६, ३२, ४८, ६४ असे टप्पे बघत जा. प्रत्येक टप्प्याला पुढचा आकडा बरोबर आला की झाले. शेवटचे पान डोळ्यांनी बघा. रहस्यकथांची शेवटची पाने सगळ्यात जास्त गायब असतात.

नंतर वास. पुस्तक मधोमध उघडा आणि नाकाशी न्या. जुन्या कागदाचा वास वेगळा आणि कुबट ओलीचा वास वेगळा. ओलीचा आला तर ठेवून द्या. बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते. बारीक भोके, पानांच्या कडेला खरवडल्यासारखे चट्टे, शिवणीत भुरा पिठूळ चुरा दिसला तर कसर किंवा वाळवी. कितीही आवडते पुस्तक असो, नाही.

पेन्सिलीच्या खुणा चालतात, पेनच्या चालत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात उत्तरांवर आधीच खुणा असतील तर त्याचा सरावासाठी उपयोग शून्य.

पदपथावर चकचकीत नवी, ‘जुन्या’ भावातली, गाजलेल्या लेखकांची पुस्तके एकावर एक रचलेली दिसतील. ती जुनी नाहीत, बनावट आहेत. अक्षरे फिकट आणि किंचित तिरकी, कागद पातळ करडा, मुखपृष्ठाचे रंग पुसट. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ खाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. लेखकाला त्यातून एक रुपया मिळत नाही. खरे जुने पुस्तक विकणे आणि घेणे मात्र पूर्ण कायदेशीर आहे.

ही पुस्तके स्वस्त असली तरी घेऊ नका

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, कारण विक्रीला येणारी निम्मी पुस्तके अभ्यासाची असतात आणि घेणारे पालक घाईत असतात.

बालभारती. इयत्ता पहिलीचे पुस्तक २०२५-२६ पासून नवे आहे आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलायचे आहेत. म्हणून शाळेतून यादी हातात आल्याशिवाय जुने घेऊ नका. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला दुसरी ते आठवीची पुस्तके वहीची पाने घालून चार भागांत काढली होती. त्यातला एक भाग घेऊन उपयोग नाही, चारही हवेत, आणि वहीची पाने आधीच्या मुलाने भरलेली असतात. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तके मोफत मिळतात. मोफत वाटपाचा शिक्का असलेले पुस्तक कुणी विकत असेल तर त्याला पैसे देऊ नका. एखादाच धडा हवा असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांची पीडीएफ फुकट आहे.

एनसीईआरटी. तिसरी आणि सहावीची पुस्तके २०२४ मध्ये बदलली, चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची २०२५ मध्ये. या वर्गांची त्याआधीची पुस्तके दहा रुपयांनाही महाग.

कायद्याची पुस्तके. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. जुन्या दंड संहितेचे भाष्यग्रंथ ढिगाने विक्रीला येत आहेत ते त्यामुळे. जुने खटले वाचायचे असतील तरच त्यांचा उपयोग. प्राप्तिकराचेही तेच. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे.

एमपीएससी. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधीचे बहुपर्यायी प्रश्नांचे मुख्य परीक्षेचे संच आता रद्दीच्या भावाचे. पूर्व परीक्षेसाठी इतिहास-भूगोलाची मूळ पुस्तके जुनी चालतात, चालू घडामोडींची चालत नाहीत. नीटचा अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेसाठी बदलला. क्लासच्या जुन्या नोट्सचा गठ्ठा घेताना वर्ष बघा. गावाकडून येऊन इथे खोली करून राहणाऱ्या मुलांना हे खास सांगतो. महिन्याच्या मेसच्या पैशांतून पाचशे रुपये काढून चुकीचा संच घेतलेली मुले मी पाहिली आहेत. विकणारा ‘सिलॅबस तोच आहे’ म्हणेल. तुम्ही पहिल्या पानावरची आवृत्ती आणि वर्ष वाचा.

विश्वकोशाचे सुटे खंड. मूळ वीस खंड आहेत. अर्धे मिळाले म्हणून उरलेले मिळतील या आशेवर घेऊ नका, पूर्ण मजकूर ऑनलाइन फुकट आहे. शोभेसाठी हवे असतील तर गोष्ट वेगळी, पण तीन फूट फळी लागेल.

हस्तलिखिते. आपल्या भागात जुन्या घरांतून मोडी, फारसी, उर्दू कागद आणि पोथ्या रद्दीत येतात. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कुणी ‘दुर्मीळ पोथी, पाच हजार’ म्हणाला तर पैसे काढू नका.

‘दुर्मीळ’ म्हणून जादा देण्याआधी

जुन्या पुस्तकांच्या बाजारात दुर्मीळ हा शब्द फार सैल वापरतात. तो ऐकला की तीन गोष्टी बघा.

एक, शहागंजात गांधी चौकातले शासकीय ग्रंथागार. शासनाची प्रकाशने तिथे छापील किमतीला मिळतात आणि त्या किमती बाजाराच्या मानाने फार कमी असतात. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड शासन १९७९ पासून काढत आले आहे. एखादा खंड छपाईत नसतो तेव्हा पदपथावर त्याचा भाव चढतो. आधी ग्रंथागारात विचारा, पुनर्मुद्रण आले असेल तर नवी प्रत जुन्याहून स्वस्त मिळेल. सरकारी सुट्ट्या आणि जेवणाची वेळ टाळून जा.

दोन, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे संकेतस्थळ. मंडळाची बरीच पुस्तके तिथे मोफत उतरवून घेता येतात. तीन, जिल्हा गॅझेटिअर. १८८४ चे औरंगाबादचे गॅझेटिअर कुणी हजारांत विकत असेल तर लक्षात ठेवा, त्याची स्कॅन प्रत फुकट मिळते. वाचायला ती पुरे. मूळ प्रतीचा छंद असेल तर बांधणी, नकाशे आणि पानसंख्या पूर्ण आहे याची खात्री करून मगच भाव करा.

पहिली आवृत्ती, लेखकाची सही, बंद पडलेली नियतकालिके यांना खरी किंमत आहे. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ किंवा मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांचे जुने अंक रद्दीच्या गठ्ठ्यात दिसले तर घासाघीस करत बसू नका, घ्या. या शहराचे वाङ्मयीन कागद आहेत ते, पुन्हा छापले जाणार नाहीत.

घरी आणल्यावर

नवी आणलेली जुनी पुस्तके थेट कपाटात लावू नका. आठ-दहा दिवस वेगळी ठेवा. शंका असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पुस्तक तासन्‌तास टाकू नका, डिंक सुटतो आणि कागद कडक होतो. सावलीत वारा लागू द्या, तेवढे बास. पाठीवरची चिठ्ठी ओढून काढू नका. हेअर ड्रायरच्या गरम हवेने डिंक मऊ करून हळूच सोडवा. खर्च शून्य.

पुस्तके बाहेरगावी पाठवायची असतील तर जुना ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ मागू नका, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. आता ‘ज्ञान पोस्ट’ आहे, १ मे २०२५ पासून. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट रस्त्याने किंवा रेल्वेने जाते, म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे. नियतकालिके चालत नाहीत, म्हणजे दिवाळी अंकांचा गठ्ठा यातून जाणार नाही. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ लिहा आणि खिडकीवर नाव घेऊन मागा, नाहीतर स्पीड पोस्टचा दर लागेल. मुख्य टपाल कार्यालय जुन्या बाजारात आहे.

आपली पुस्तके द्यायची असतील तर

आधी फोन करा. जुने गाईड, फाटके अंक, दहा वर्षांपूर्वीची संगणकाची पुस्तके वाचनालये घेत नाहीत आणि घेतली तर त्यांना रद्दीवाल्यापर्यंत नेण्याचा खर्च पडतो. ती छाटणी घरीच करा. मुलांची गोष्टींची पुस्तके असतील तर जानेवारी २०२१ मध्ये बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या विद्यार्थिनीने सुरू केलेल्या मोहल्ला बालवाचनालयांचा विचार करा. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, सगळ्या भाषांची मुले तिथे येतात.

कर वाचेल म्हणून देत असाल तर ते विसरा. ८०जी ची सवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. पन्नास पुस्तके दिलीत तरी त्यांची किंमत विवरणपत्रात दाखवता येत नाही. पोच मात्र मागा, त्यावर पुस्तकांची संख्या असू द्या. आणि देण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा झटका. पानांत ठेवलेल्या नोटा, जुनी पत्रे, बँकेच्या पावत्या, मुलांचे फोटो त्यातून पडतात. तुमचे नाव-पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले पहिले पान कापू नका, वर कागदाची पट्टी चिकटवा.